पोलिओ गेला, मग अजून थेंब कशासाठी?

पत्र: "डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. माझे यजमान ६४ वर्षांचे आहेत. दीड वर्षाचे असताना त्यांना पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू राहिला. गेल्या दोन वर्षांत तो पाय आणखी कमजोर होत चालला आहे आणि चांगल्या पायातही ताकद राहिलेली नाही असे ते म्हणतात. आमची लेक आणि जावई लंडनला असतात. सव्वादोन वर्षांच्या नातवाला घेऊन ते पुढच्या महिन्यात नाशिकला येत आहेत, आणि नेमका त्याच सुमारास पल्स पोलिओचा रविवार आहे. आशाताई घरी येऊन सांगून गेल्या. जावई म्हणतात की भारतातला पोलिओ संपून दहाहून अधिक वर्षे झाली, आता जगात जो पोलिओ आढळतो तो या थेंबांमुळेच आढळतो, शिवाय मुलाला तिकडे इंजेक्शने मिळालेली आहेत, तेव्हा थेंब द्यायचे नाहीत. त्यांनी मला त्याबद्दलचे लेखही पाठवले. मला उत्तर देता आले नाही. त्यांच्या म्हणण्यात खरे किती? थेंब द्यावेत की नाही? आणि एक मनातली भीती विचारते: यजमानांच्या अंगात तो विषाणू अजून असेल का? नातवाला त्यांच्यापासून धोका आहे का? — एक आजी, नाशिक"

ताई, नमस्कार. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण पत्रात तो सगळ्यांत खाली असला तरी तुमच्या मनात तो सगळ्यांत वर असावा असे मला वाचताना वाटले. तुमच्या यजमानांच्या अंगात आज पोलिओचा विषाणू नाही आणि नातवाला त्यांच्यापासून कोणताही धोका नाही. हा विषाणू तोंडावाटे शरीरात जातो, घशात आणि आतड्यात वाढतो आणि काही आठवडे विष्ठेवाटे बाहेर पडत राहतो. तोवर शरीराची प्रतिपिंडे तयार होतात आणि त्याचा निकाल लावतात. साधारण दोनशे संसर्गांमागे एखाद्यात तो मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो आणि स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी मारतो. यजमानांचा पाय लुळा पडला तो त्या मेलेल्या पेशींमुळे. विषाणू स्वतः साठ वर्षांपूर्वीच त्यांच्या शरीरातून गेलेला आहे. तेव्हा नातू खुशाल आजोबांच्या मांडीवर बसू दे.

मग पाय आता पुन्हा कमजोर का होतो? त्या वेळी ज्या चेतापेशी वाचल्या, त्यांनी नवे फाटे फोडून मेलेल्या पेशींच्या वाट्याचे स्नायुतंतूही सांभाळायला घेतले, म्हणूनच लहानपणी पायात थोडीफार ताकद परत आली असेल. दुप्पट-तिप्पट ओझे पन्नास वर्षे वाहिलेल्या या पेशी उतारवयात थकू लागतात. याला पोस्ट पोलिओ सिंड्रोम म्हणतात. मूळ आजारानंतर पंधरा वर्षांनी किंवा त्याहून कितीतरी उशिरा तो सुरू होतो, आणि पोलिओ होऊन गेलेल्यांपैकी साधारण २५ ते ४० टक्के लोकांना तो होत असावा असा अंदाज आहे. 'चांगल्या' पायातही तो दिसतो, कारण त्या पायातल्या काही पेशीही तेव्हा गेलेल्या असतात, फक्त ते कोणाच्या लक्षात आलेले नसते. मात्र मणक्याची झीज, थायरॉइड, मधुमेहाने होणारा नसांचा त्रास ही कारणे वगळल्याशिवाय हे निदान करता येत नाही, त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टला दाखवा आणि पोलिओचा इतिहास आपणहून सांगा. तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी पोलिओचा रुग्ण पाहिलेलाच नसतो. आणि तोवर कोणी "चालून चालून ताकद येईल" असे म्हटले तर ऐकू नका. या आजारात थकेपर्यंत केलेला व्यायाम नुकसान करतो.

आता जावयांकडे वळते. त्यांनी वाचलेले खोटे नाही, आणि हे तुम्ही त्यांना आधी कबूल करावे असे मला वाटते. आज जगात पोलिओच्या विषाणूमुळे ज्या मुलांना लुळेपणा येतो, त्यांतल्या मोठ्या हिश्शामागे थेंबांच्या लशीतूनच उत्क्रांत झालेला विषाणू असतो. हे आरोग्य खाते दडवून ठेवते असेही नाही, जागतिक आरोग्य संघटना त्याचे आकडे सतत प्रसिद्ध करते. पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे, आणि तो उलटा का हे समजण्यासाठी आज जगात पोलिओचा विषाणू नेमका कुठे कुठे उरला आहे ते पाहावे लागेल.

मूळ विषाणूचे, ज्याला आम्ही 'वाइल्ड' किंवा रानटी विषाणू म्हणतो, तीन प्रकार होते. टाइप २ शेवटचा सापडला तो १९९९ मध्ये, आपल्याच देशात, अलीगढला. २०१५ मध्ये तो जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. टाइप ३ नोव्हेंबर २०१२ मध्ये नायजेरियात शेवटचा आढळला आणि २०१९ मध्ये तोही नाहीसा झाल्याचे प्रमाणित झाले. उरला टाइप १. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातल्या कोणत्याही देशापेक्षा जास्त, आणि दोनच वर्षांत ही संख्या एकावर आली, ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो. तुमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावात २०१० मध्ये पोलिओचे रुग्ण आढळले होते.

ते सोपे नव्हते, कारण तीच लस सगळीकडे सारखी लागू पडत नव्हती. वेल्लोरचे विषाणूतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन हे १९७०च्या दशकापासून सांगत होते की पाश्चात्त्य देशांत तीन डोसांनी जे साधते ते आपल्या मुलांत साधत नाही. पुढे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात उत्तर प्रदेशात टाइप १ विरुद्ध एका डोसाने मिळणारे संरक्षण अवघे ९ टक्के निघाले, उर्वरित भारतात ते २१ टक्के होते. दाट वस्ती, अस्वच्छ पाणी, वारंवार होणारे जुलाब आणि आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेले दुसरे विषाणू यांच्या गर्दीत लशीच्या विषाणूला जागाच मिळत नसे. तुमच्या लेकीच्या पिढीने रविवारामागून रविवार थेंब का घेतले आणि "मागच्या महिन्यात तर दिले होते" असे म्हणणाऱ्या आयांना आम्ही पुन्हा का गळ घालत होतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. २००५ पासून तिन्ही प्रकारांऐवजी विषाणूच्या एकाच प्रकारची आणि २०१० पासून टाइप १ व ३ अशा दोन प्रकारांची लस वापरात आली, तेव्हा कुठे प्रत्येक थेंबाचा जोर वाढला.

टाइप १ आज पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोन देशांत ठिय्या देऊन आहे. २०२१ मध्ये दोन्ही देशांत मिळून पाचच रुग्ण होते आणि आता संपलेच असे अनेकांना वाटले होते. २०२४ मध्ये एकट्या पाकिस्तानात ७४ झाले. अफगाणिस्तानाच्या बऱ्याच भागांत घरोघरी जाऊन थेंब देण्यावर बंदी आहे, पाकिस्तानात लसीकरण करणाऱ्या बायकांना आणि त्यांच्यासोबतच्या पोलिसांना गोळ्या घातल्या गेल्या आहेत. २०११ मध्ये अबोटाबादला ओसामा बिन लादेनच्या शोधासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने हिपॅटायटिसच्या लशीची बनावट मोहीम चालवली, हे उघड झाल्यावर लशीवरचा अविश्वास किती वाढला असेल याची कल्पना करा. आणि हा विषाणू तिथेच राहतो असेही नाही: २०२१च्या अखेरीस आफ्रिकेतल्या मलावीत एका मुलीला आणि पुढच्या वर्षी मोझांबिकमध्ये काही मुलांना लुळेपणा आला, तो पाकिस्तानातल्या टाइप १ च्या वंशाचा विषाणू होता.

जावयांचा खरा मुद्दा मात्र यापुढचा आहे. थेंबांच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो मुलाच्या आतड्यात वाढतो, प्रतिकारशक्ती जागी करतो आणि काही आठवडे विष्ठेतून बाहेर पडतो. आजूबाजूची मुले लस घेतलेली असतील तर त्याचा प्रवास तिथेच संपतो. ती नसतील तर तो एका मुलाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असा महिनोन्महिने फिरतो, आणि फिरताना बदलत जातो. पोलिओच्या विषाणूचा जनुकीय आराखडा साधारण ७,५०० अक्षरांचा आहे. त्यातल्या बाह्य आवरणाच्या एका भागात वर्षाला सुमारे एक टक्का अक्षरे बदलतात, त्यामुळे बदल मोजून हा विषाणू किती काळ फिरतो आहे हे प्रयोगशाळेत सांगता येते. टाइप २ च्या लशीच्या विषाणूला दुबळे ठेवणाऱ्या अक्षरांपैकी एक महत्त्वाचे अक्षर तर मुलाच्या आतड्यात काही दिवसांतच मूळपदावर येते. पुरेसा फिरला की तो रानटी विषाणूसारखाच लुळेपणा आणू लागतो. असा उद्रेक प्रथम ओळखला गेला तो २०००-०१ मध्ये, हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक या शेजारच्या देशांत.

यात एक ओळ अशी आहे की ती जावयांनी दोनदा वाचावी अशी माझी विनंती आहे. हा विषाणू तयार होण्यासाठी नुसते थेंब पुरत नाहीत, थेंब न घेतलेली मुले लागतात. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड परगण्यात एका लस न घेतलेल्या तरुणाला पोलिओने लुळेपणा आला. अमेरिकेत २००० पासून थेंब दिलेच जात नाहीत, विषाणू बाहेरून आला. पण तो तिथे टिकला कारण त्या परगण्यात दोन वर्षांच्या मुलांपैकी पोलिओच्या लशीच्या तीन मात्रा पूर्ण झालेली मुले जेमतेम ६० टक्के होती. त्याच विषाणूचे नातेवाईक जेरुसलेमच्या आणि, जावईबापूंनी हे विशेष लक्षात घ्यावे, लंडनच्या सांडपाण्यात सापडले. तिथे त्या वर्षी ऑगस्टमध्ये एक ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना जादा डोस द्यायचे ठरले. २०२४च्या अखेरीस जर्मनी, पोलंड, स्पेन, फिनलंड आणि पुन्हा ब्रिटनच्या सांडपाण्यात लशीतून उद्भवलेला टाइप २ आढळला. गाझात तोच विषाणू जून २०२४ मधल्या सांडपाण्याच्या नमुन्यांत दिसला आणि ऑगस्टमध्ये एका दहा महिन्यांच्या बाळाचा पाय लुळा पडला. युद्धामुळे तिथले लसीकरण कोलमडले होते, आणि २५ वर्षांत तिथे पोलिओ झालेला नव्हता.

तज्ज्ञांच्या हातूनही इथे मोठी चूक झाली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय जावयांचे समाधान होणार नाही. रानटी टाइप २ गेला, मग थेंबांत तो का ठेवायचा, असा विचार करून एप्रिल-मे २०१६ मध्ये १५५ देश-प्रदेशांनी एकाच पंधरवड्यात थेंबांतून टाइप २ काढून टाकला. भारतात ते २५ एप्रिलला झाले. विचार बरोबर होता, तयारी अपुरी होती. त्याआधी प्रत्येक मुलाला मृत विषाणूच्या लशीचे इंजेक्शन मिळायला हवे होते, पण जगभर त्या लशीचा तुटवडा पडला, आणि काही देशांत आधीपासून फिरत असलेला लशीतला टाइप २ पुरता विझलेला नव्हता. त्यानंतर जन्मलेल्या मुलांकडे टाइप २ विरुद्ध काहीच नव्हते. उद्रेक झाला की तो विझवायला पुन्हा टाइप २ चेच थेंब द्यावे लागत आणि त्यांतून नव्या उद्रेकाचे बी पडे. या चुकीपायी तीन हजारांहून अधिक मुले अधू झाली, प्रामुख्याने आफ्रिकेत. म्हणजे टाइप २ पुरते सांगायचे तर जावई जे सुचवत आहेत, थेंब थांबवा, तेच जगाने करून पाहिले आहे, आणि ज्या ठिकाणी मुलांना दुसरे संरक्षण नव्हते तिथे त्याचे काय झाले ते आपल्यासमोर आहे.

आपल्याकडे तसे झाले नाही, यामागे नशीब कमी आणि कष्ट जास्त होते. तुटवड्याच्या काळात भारताने इंजेक्शनचा पाचवा हिस्सा, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरऐवजी ०.१ मिलिलिटर, कातडीत द्यायला सुरुवात केली. दोन डोस दिले तर त्याचा उपयोग एका पूर्ण डोसापेक्षा चांगला होतो असे अभ्यासांतून दिसले होते. २०१६च्या जूनमध्ये हैदराबादच्या सांडपाण्यात बदललेला टाइप २ आढळल्याबरोबर हैदराबाद आणि रंगारेड्डी जिल्ह्यांतल्या सुमारे तीन लाख मुलांना हेच इंजेक्शन दिले गेले आणि एकाही मुलाला लुळेपणा आला नाही. मेघालयात ऑगस्ट २०२४ मध्ये एका दोन वर्षांच्या बालकाला लशीतून उद्भवलेल्या विषाणूमुळे लुळेपणा आला, तेव्हाही आजूबाजूला तपासणी तातडीने झाली. वाचकांनी लक्षात घ्यावे की पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र रानटी विषाणूपुरते असते, ते त्या घटनेमुळे रद्द होत नाही.

नव्या थेंबांचे कामही पुढे गेले आहे. ब्रिटनमधले आणि कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ मिळून टाइप २ चा असा लशीचा विषाणू घडवण्यात यशस्वी झाले की ज्याचे ते चुकार अक्षर सहजासहजी मूळपदावर येत नाही, कारण त्याला तिथे पोहोचायला एकाच वेळी अनेक बदल करावे लागतात. त्याची पहिली चाचणी २०१७ मध्ये बेल्जियममध्ये झाली, तीही स्वयंसेवकांना कंटेनरांच्या बंदिस्त वसाहतीत ठेवून, कारण त्या विषाणूला सांडपाण्यात जाऊ द्यायचे नव्हते. मार्च २०२१ पासून त्याचे शंभर कोटींहून अधिक डोस दिले गेले आहेत. तो अजिबात बदलत नाही असे नाही, जिथे लसीकरण अगदीच विरळ आहे तिथे त्यातूनही मोजके उद्रेक झाले आहेत, पण जुन्या टाइप २ च्या तुलनेत हे प्रमाण खूपच कमी आहे.

आता "त्याला तिकडे इंजेक्शने मिळाली आहेत" हा मुद्दा. ब्रिटनने २००४ मध्ये थेंब बंद केले. तिथे बाळाला आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यात सहा रोगांच्या एकत्रित इंजेक्शनातून पोलिओची लस मिळते. ती नातवाला मिळाली असेल तर त्याला स्वतःला पोलिओने लुळेपणा येण्याची भीती जवळपास नाही, हे जावयांचे म्हणणे योग्य आहे. पण इंजेक्शनाने रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, आतड्याचे दार मात्र बंद होत नाही. विषाणू तोंडावाटे आला तर तो आतड्यात वाढतो, मूल ठणठणीत राहते आणि विषाणू डायपरमधून पुढे जातो. इस्राएलमध्ये २०१३ मध्ये हेच झाले. तिथे २००५ पासून फक्त इंजेक्शन दिले जात होते आणि लसीकरण उत्तम होते. तरीही राहत शहराच्या आणि इतर ठिकाणच्या सांडपाण्यात रानटी टाइप १ महिनोन्महिने सापडत राहिला. एकही मूल अधू झाले नाही, पण तो थांबवायला त्यांना पुन्हा थेंब आणावे लागले. उलट ज्यांना थेंब आणि इंजेक्शन दोन्ही मिळतात त्यांची आतडी सर्वांत चांगली सुरक्षित होतात. थेंब घेतलेल्या मुलांना एक इंजेक्शन दिल्यावर आतड्यातली प्रतिकारशक्ती कशी उसळते हे उत्तर प्रदेशात मुरादाबादजवळ केलेल्या अभ्यासात २०१४ मध्ये दिसून आले. म्हणून भारतात आज थेंबही आहेत आणि सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात व नवव्या महिन्यात इंजेक्शनही आहे.

तेव्हा नातवाला थेंब द्यावेत, असे माझे मत आहे. इंजेक्शने पूर्ण झालेल्या मुलाला थेंबांचा अपाय होण्याची शक्यता नगण्य असते. लशीमुळेच लुळेपणा येण्याची जी दुर्मीळ घटना सांगितली जाते, तिचा जगभर वापरला जाणारा अंदाज साधारण २७ लाख डोसांमागे एक असा आहे, आणि ती प्रामुख्याने आधी कोणतीही लस न मिळालेल्या बाळांत पहिल्या डोसानंतर घडते. भारतातल्या थेंबांत २०१६ पासून टाइप २ घातला जात नाही, त्यामुळे लंडनच्या सांडपाण्यात सापडलेल्या विषाणूचा आपल्या थेंबांशी संबंध जोडता येत नाही. अपवाद दोन सांगते. मुलाला जन्मजात प्रतिकारशक्तीचा विकार असेल, किंवा त्याला कर्करोगाची अथवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर थेंब देऊ नयेत. आणि लंडनच्या घरी अशी कोणी व्यक्ती राहत असेल तर आधी तिथल्या डॉक्टरांना विचारावे, कारण थेंबांचा विषाणू काही आठवडे मुलाच्या विष्ठेतून बाहेर पडतो. हे दोन्ही नसेल आणि तरीही जावयांची तयारी झाली नाही, तर त्यावरून घरात भांडण करू नका. इंजेक्शने पूर्ण झालेले मूल धोक्यात नाही. तुमच्या गल्लीतल्या, डोस राहून गेलेल्या बांधकाम मजुराच्या बाळाची मला जास्त काळजी आहे.

प्रतिकारशक्तीच्या विकाराचा उल्लेख आला म्हणून, विषाणू उरलेल्या आणखी दोन जागा सांगते, कारण त्यांच्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. यजमानांच्या अंगात विषाणू नाही असे मी म्हटले. पण ज्यांच्या शरीरात प्रतिपिंडेच तयार होत नाहीत अशा फार थोड्या व्यक्तींच्या आतड्यात लशीचा विषाणू वर्षानुवर्षे राहू शकतो. ब्रिटनमधल्या एका गृहस्थांच्या विष्ठेतून अठ्ठावीस वर्षे टाइप २ बाहेर पडत असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना काही होत नव्हते, बाहेर पडणारा विषाणू मात्र पुरता बदललेला आणि घातक होता. अशा व्यक्तींसाठी विषाणूरोधक औषधांवर संशोधन चालू आहे.

दुसरी जागा म्हणजे प्रयोगशाळांची शीतपेटी आणि लशीचे कारखाने. इंजेक्शनची नेहमीची लस करायला रानटी विषाणूच मोठ्या प्रमाणावर वाढवून मग मारावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते. सप्टेंबर २०१४ मध्ये बेल्जियममधल्या एका कारखान्यातून जिवंत विषाणूचे ४५ लिटर संहत द्रावण चुकून सांडपाण्यात सोडले गेले. २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या एका कारखान्यात गळती होऊन एका कामगाराला रानटी टाइप २ चा संसर्ग झाला, जगातून नाहीसा झाल्याचे दोन वर्षांपूर्वी जाहीर झालेल्या विषाणूचा! आपणही यातून सुटलो नाही. २००२-०३ मध्ये पश्चिम उत्तर प्रदेशातल्या काही मुलांत सापडलेला टाइप २ हा प्रयोगशाळांत वापरला जाणारा जुना वाण होता, हे मुंबईच्या परळमधल्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्राने ओळखले. आणि २०१८ मध्ये गाझियाबादच्या एका कंपनीच्या थेंबांत टाइप २ चा अंश आढळून तो साठा परत घ्यावा लागला, ज्यातला काही महाराष्ट्रातही आलेला होता. २००२ मध्ये तर अमेरिकेतल्या संशोधकांनी नुसत्या छापील जनुकीय आराखड्यावरून हा विषाणू प्रयोगशाळेत नव्याने बांधून दाखवला. त्यामुळे शेवटचा रुग्ण बरा झाला की लस बंद, असे देवीसारखे इथे लगेच होणार नाही. विषाणू न वाढवता नुसती त्याची रिकामी टरफले बनवून लस करता येईल का, यावर ब्रिटनमध्ये काम चालले आहे, ते मला सगळ्यांत आशादायक वाटते.

या सगळ्यांवर लक्ष ठेवण्याचे काम मुंबईच्या त्याच केंद्राकडे आहे. आता ते राष्ट्रीय विषाणू संस्थेचा भाग झाले आहे. भारतात सांडपाण्यातून पोलिओ शोधायला २००१ मध्ये मुंबईतच सुरुवात झाली. एका रुग्णामागे शेकडो लक्षणविरहित संसर्ग असतात, म्हणून गटाराचे पाणी दवाखान्याच्या आधी बोलते. दुसरे जाळे दवाखान्यांचे आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, कारण काहीही वाटो, तर ते कळवावे लागते आणि चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने, विष्ठेचे दोन नमुने घ्यावे लागतात. तुमच्या ओळखीत असे कधी घडले आणि आरोग्य कर्मचारी नमुना मागायला आले तर त्यांना परत पाठवू नका.

रविवारी बूथवर गेलात तर बाटली पाहा. थेंब पाजण्याआधी दाखवा म्हटले तर कोणी रागावत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०२१ मध्ये बारा मुलांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले होते, तेव्हा हे पाहणे म्हणजे अविश्वास नव्हे. बाटलीच्या लेबलावर वर्तुळात एक चौकोन असतो: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस शीतसाखळीत नीट राहिलेली आहे, रंग सारखा किंवा अधिक गडद झाला असेल तर ती वापरायची नसते. नातवाचे लंडनचे लाल लसपुस्तक लेकीला सोबत आणायला सांगा आणि थेंब दिल्यावर त्यात तारखेनिशी नोंद करून घ्या. आणि यजमानांची न्यूरॉलॉजिस्टची वेळ मुले येण्याआधीच घेऊन ठेवा, पाहुण्यांच्या गडबडीत ती हमखास मागे पडते.